फिंचची पिल्ले घरट्यातच का मरतात?

नया नगरपासून भाईंदरच्या जुन्या चाळींपर्यंत कोणत्याही गल्लीतून संध्याकाळी चालत गेले, तर एखाद्या गॅलरीतून फिंचचा बारीक आवाज कानी पडतोच. कबुतराला गच्ची लागते, पोपटाला मोठी जागा लागते. फिंचची जोडी मात्र दोन फुटांच्या पिंजऱ्यात राहते, चमचाभर राळे खाते आणि शेजाऱ्यांची तक्रारही येत नाही. म्हणूनच आपल्यातील अनेक शिलाई कारागीर, जरीकाम करणारे, छोटे दुकानदार व निवृत्त मंडळींनी हा जोडधंदा धरला आहे.

पण धरणाऱ्यांपैकी बरेच जण वर्षभरात तो सोडूनही देतात. जोडी बसते, अंडी होतात, पिल्ले निघतात आणि पंधरा-वीस दिवसांच्या आत घरट्यातच मरतात. शेजारी म्हणतात, नजर लागली. दुकानदार म्हणतो, पाण्यात औषध टाका. घरातले म्हणतात, बंद करा हा प्रकार. खरे कारण कोणीच शोधत नाही. हा लेख त्या शोधासाठी आहे.

आमचा स्वतःचा तोटा

आम्ही मूळचे कापडवाले. भिवंडीचा माल, सुरतेचा माल आणि शिंप्यांची उधारी हेच आमचे जग. शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, त्यामुळे पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तके आमच्या हाती उशिरा आली. जे शिकलो ते बहुतेक नुकसान सोसून शिकलो. पहिल्या हंगामात आमच्या चार जोड्यांपासून १९ पिल्ले निघाली आणि हाती ४ लागली.

दुकानातील १९ ताग्यांपैकी १५ तागे खराब झाले असते, तर आम्ही स्वस्थ बसलो नसतो. गोदामाची ओल पाहिली असती, उंदीर पाहिले असते, माल कोणत्या तारखेला आला ते वहीत तपासले असते. पिल्लांच्या बाबतीत मात्र 'तकदीर' म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या हंगामात आम्ही पिल्लांचीही वही घातली. प्रत्येक घरट्याला क्रमांक दिला. पिल्लू कधी निघाले, कधी मेले, कोठे सापडले आणि त्याचा पोटा भरलेला होता की रिकामा, एवढेच लिहू लागलो. पोटा म्हणजे मानेजवळची दाणा साठवण्याची पिशवी. लहान पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की आतला दाणा बाहेरून स्पष्ट दिसतो.

दोन महिन्यांत वहीने जे सांगितले ते कोणत्याही दुकानदाराने सांगितले नव्हते. पिल्लू कितव्या दिवशी आणि कोणत्या स्थितीत मेले, यातच त्याच्या मृत्यूचे कारण दडलेले असते. आणि दहापैकी आठ वेळा ते कारण रोग नसून पाळणाऱ्याचीच चूक असते. त्या हंगामात २१ पैकी १६ पिल्ले वाचली.

पक्ष्याचा स्वभाव आधी समजून घ्यावा

आपल्याकडे सर्वांत जास्त पाळला जातो तो झेब्रा फिंच. नराचे गाल नारिंगी, मादी साधी राखाडी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. तेथे पाऊस केव्हा पडेल याचा नेम नसतो. पाऊस पडून गवताला दाणा धरला की हे पक्षी लगेच अंडी घालतात, कारण पिल्लांना भरवायला कोवळा दाणा तेव्हाच मिळतो. ठराविक महिन्याची वाट ते पाहत नाहीत. ते पुरवठा पाहतात.

मादी रोज एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते. नर व मादी दोघेही आळीपाळीने बसतात. बारा ते चौदा दिवसांत पिल्ले निघतात. तेव्हा ती उघडी, आंधळी आणि जेमतेम एक ग्रॅम वजनाची असतात. अठरा ते एकवीस दिवसांत ती घरट्याबाहेर येतात, पण स्वतः दाणा फोडून खाण्यास साधारण पाच आठवडे लागतात. हे वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. पुढचा सारा हिशेब त्यावरच आहे.

पहिले तीन दिवस : अननुभवी आईबाप आणि आपली उत्सुकता

पिल्लू निघून पहिल्या काही तासांत पोटा रिकामा दिसला तर घाबरू नये. अंड्यातील बलक त्याच्या पोटात शिल्लक असतो, त्यावर ते सुरुवातीचे तास काढते. परंतु दुसऱ्या दिवशी दुपारीही पोटा रिकामा असेल, तर आईबाप भरवत नाहीत असे समजावे.

याची दोन कारणे नेहमी आढळतात. पहिले, जोडी फार कोवळी असते. झेब्रा फिंच तीन महिन्यांतच वयात येतो आणि अंडीही घालतो, पण पिल्ले सांभाळण्याची समज त्याला नसते. मादीची अंगकाठी भरलेली नसेल तर अंडे अडकून ती स्वतःच मरते. जोडी निदान सात-आठ महिन्यांची झाल्याशिवाय तिला घरटे देऊ नये. विकत घेताना चोच पाहावी. चोचीवर काळी छटा असेल तर ते अजून पिल्लूच आहे. एकाच पिंजऱ्यातून नर-मादी दोन्ही उचलू नयेत, ती सख्खी भावंडे निघण्याची शक्यता असते आणि अशा जोडीची पिल्ले कमजोर होतात.

दुसरे कारण आपण स्वतः. पहिल्या हंगामात आम्ही दिवसातून दहा वेळा मडक्यात बॅटरी मारून पाहत असू. घरातली मुले, पाहुणे, शेजारी, सर्वांना पिल्ले दाखवीत असू. दर वेळी मादी उठून पळे. एक ग्रॅमचे उघडे पिल्लू काही मिनिटांतच गार पडते. गार पडलेले पिल्लू तोंड उघडून मागत नाही. जे मागत नाही त्याला आईबाप भरवत नाहीत, आणि पुष्कळदा मेलेले समजून चोचीने उचलून बाहेर टाकतात. म्हणजे सुरुवात आमच्या बॅटरीने झाली आणि दोष आम्ही मादीला देत राहिलो.

हाताचा वास लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकतात, ही समजूत बरोबर नाही. जमिनीवर पडलेले पिल्लू जिवंत दिसले तर तळहातात धरून ऊब द्यावी आणि हालचाल करू लागल्यावर घरट्यात ठेवावे. ते पुन्हा स्वीकारले जाते. घरटे पाहायचे ते दिवसातून एकदाच, सकाळी मादी स्वतः दाणा खायला उतरली असताना.

एका प्रवासात साथीदारांनी एका लहान पक्षिणीची पिल्ले उचलली, ती व्याकुळ होऊन घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पिल्ले परत ठेवण्यास सांगितले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पिंजऱ्यातल्या पक्षिणीला तर घिरट्या घालायलाही जागा नसते.

चौथा ते दहावा दिवस : भूक

वहीत ज्या मृत्यूंपुढे 'एक एक करून, सर्वांत लहान आधी, पोटा रिकामा' असे लिहिलेले असेल, ते सारे उपासमारीचे मृत्यू आहेत. पिंजऱ्यात दाण्याची वाटी भरलेली असूनही पिल्ले उपाशी मरतात, हे ऐकून अनेकांना नवल वाटते.

पिल्लू दहा-बारा दिवसांत वजन दहापट करते. केवळ वाळलेल्या राळ्यावर आणि बाजरीवर एवढी वाढ होत नाही. त्याला प्रथिने, चुना आणि ओला, मऊ आहार हवा. शिवाय सर्व पिल्ले एकाच दिवशी निघत नाहीत. पहिल्याच्या आणि शेवटच्याच्या वयात दोन-तीन दिवसांचे अंतर पडते. घास कमी असला की मोठी पिल्ले मान उंच करून तो घेतात आणि धाकटे मागे राहते.

येथे आम्ही केलेली चूक सांगतो, कारण ती बहुतेक जण करतात. जोडी लवकर बसावी म्हणून आम्ही अंडे, भिजवलेला दाणा, हिरवा पाला असा खुराक सुरू केला. जोडी बसली. काम झाले म्हणून खुराक बंद केला. पक्ष्याच्या हिशेबाने पाहिले तर आम्ही त्याला 'पाऊस पडला' असे सांगितले आणि पिल्ले निघताच दुष्काळ पाडला. ऑर्डर घेऊन सूत देणे बंद केले तर विणकर काय करील? पुरवठा शेवटपर्यंत चालू ठेवायचा नसेल तर तो सुरूच करू नये.

खुराक साधा आहे. एक अंडे चांगले कडक उकडून टरफलासह बारीक कुस्करावे, त्यात टोस्टचा चुरा मिसळून कोरडसर करावे. जोडीला दोन छोटे चमचे पुरतात. ही सवय पिल्ले निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून लावावी, कारण अनोळखी पदार्थाला फिंच लवकर तोंड लावत नाही. सोबत राळे रात्रभर भिजवून, तीन-चार पाण्यांनी धुऊन, पांढरे मोड दिसू लागताच द्यावेत. कोथिंबीर, मेथी, पालक द्यायचा तर फवारणीचे औषध जाईपर्यंत धुऊन व निथळून द्यावा.

मात्र आपल्या हवेत हाच खुराक विषही होतो. अंड्याचे मिश्रण दोन-तीन तासांत काढून टाकलेच पाहिजे. सकाळचे संध्याकाळपर्यंत राहिले तर त्यात जंतू वाढतात, मोडांना आंबूस वास येतो, आणि तेच आईबाप पिल्लांच्या पोटी उतरवतात. घरटे ओले, दुर्गंधीयुक्त, पिल्लांची ढुंगणे चिकटलेली, अशी नोंद असेल तर दोष शिळ्या खुराकाचा आहे.

चुन्यासाठी समुद्रफेन पिंजऱ्यात कायम टांगावा. बाजारात याला समुंदर झाग म्हणतात. माकूल या समुद्री जीवाच्या अंगातले हे पांढरे कवच आहे. किनाऱ्यावर सापडलेला वापरायचा असेल तर चार-पाच दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून भिजवावा, मीठ काढावे आणि कडक उन्हात वाळवावा. पाण्याची वाटी दिवसातून दोनदा धुवावी. पाण्याशिवाय आईबापांना दाणा मऊ करून भरवता येत नाही, त्यामुळे दुपारी वाटी कोरडी राहिली तर त्याचा फटका आधी पिल्लांना बसतो.

एका रात्रीत सर्व पिल्ले मेली तर

आमच्या ओळखीचे एक शिलाई कारागीर आहेत. रमजानच्या हंगामात रात्रंदिवस मशीन चालवून त्यांनी जी बचत केली, त्यातून सहा जोड्या आणि पिंजरे घेतले. मुलीच्या शिक्षणाला हातभार लागेल असा हिशेब होता. जोड्या चांगल्या होत्या, खुराक चांगला होता. तरीही एका सकाळी पाच पिल्ले मेलेली सापडली, आठवड्याने दुसऱ्या घरट्यातली चार. 'पक्षी रोगी दिले' म्हणून ते विकणाऱ्याशी भांडले, पुढे पिंजरे भंगाराच्या भावात काढले.

नंतर एकदा गप्पांत आम्ही विचारले, "मेलेल्या पिल्लांचे पोटे कसे होते?" ते म्हणाले, "भरलेले होते भाईजान, म्हणून तर रोग वाटला."

पोटा भरलेला आणि सर्व पिल्ले एकाच रात्रीत गेलेली, ही भुकेची खूण नव्हे, थंडीची खूण आहे. गार पडलेल्या पिल्लाला दाणा पचत नाही, तो पोट्यात तसाच राहतो. विचारपूस केली तेव्हा कळले की पिंजरे मशीनच्या खोलीत होते. रात्री अकरा-साडेअकराला काम संपले की ते ट्यूबलाइट बंद करीत. एका क्षणात काळोख. त्या वेळी दाणा खायला उतरलेल्या मादीला अंधारात घरट्याचे तोंड सापडत नाही. ती रात्रभर दांडीवर बसून राहते आणि पिल्ले सकाळपर्यंत गार होतात. पिल्ले दहा-बारा दिवसांची होऊन पिसे फुटेपर्यंत हा धोका असतो.

यावर उपाय एका झिरोच्या बल्बचा होता. मोठा दिवा बंद करण्याआधी तो लावावा आणि रात्रभर मंद ठेवावा. शक्यतो पिंजऱ्यावरचा उजेड सूर्यास्ताबरोबरच कमी होऊ द्यावा. रात्री मांजर, उंदीर, पाल किंवा फटाके यांनी दचकून मादी उठली तरी हाच परिणाम होतो. म्हणून दिवाळी, लग्नसराई अशा दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत घ्यावा. त्या बंधूंची सारी बचत एका दिव्याच्या अभावी गेली, हे सांगताना आम्हालाही वाईट वाटले. हा लेख लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

दहावा ते विसावा दिवस : ढेकणासारखा शत्रू आणि आपलाच धागा

या वयात पिल्लू वरवर चांगले दिसते आणि अचानक फिके पडून मरते. त्याचे तोंड उघडून पाहावे. आतला भाग लालसर न दिसता पांढरट दिसला तर रक्त पिणारी कीड लागली आहे. इंग्रजीत तिला रेड माइट म्हणतात. ढेकणाप्रमाणे ती दिवसा लाकडाच्या फटीत, मडक्याच्या काठाखाली लपते आणि रात्री बाहेर येते. त्यामुळे दिवसा पाहून 'काही नाही' असे वाटते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. रात्री पिंजऱ्यावर पांढरा मांजरपाट पसरावा. पहाटे त्याच्या घड्या उलगडून पाहाव्यात. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके सरकताना दिसले की समजावे. दर विणीनंतर मडके उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात ठेवावे, आतले गवत जाळून टाकावे, पिंजऱ्याच्या फटी कढत पाण्याने धुवाव्यात. लाकडी पेटीपेक्षा मातीचे मडके या दृष्टीने बरे.

कापडाच्या गोदामात टाकतो तशा डांबराच्या गोळ्या येथे कोणी टाकू नयेत. त्यांचा वास पक्ष्याला विषारी आहे. मुंग्यांसाठीही पावडर न टाकता पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत किंवा टांगणीच्या तारेला तेलाचा फडका बांधावा. मुंग्या रात्रीतून जिवंत पिल्लांवर चढतात.

आता आमच्या धंद्यातली चूक. घरटे बांधायला धागा हवा म्हणून दुकानातल्या चिंध्या उसवून आम्ही मूठभर धागे पिंजऱ्यात टाकले. पक्ष्यांनी आनंदाने उचलले. त्यात टेरीकॉट होते, पॉलिएस्टर होते, नायलॉनची शिलाई होती. चौदाव्या दिवशी एका पिल्लाचा पाय काळा पडलेला दिसला. धागा पायाला गुंडाळून आवळला गेला होता. सुती धागा ओढ लागली तर तुटतो तरी. पॉलिएस्टर तुटत नाही, पाय वाढतो तसा तो मांसात रुततो. दुसरे पिल्लू बाहेर झेपावताना धाग्याला लटकून मेले. ज्या धाग्याच्या मजबुतीची आम्ही गिऱ्हाइकाला हमी देतो, त्याच मजबुतीने ही पिल्ले मारली. शिलाई कारागिरांच्या घरी धागे आयते असतात, म्हणून त्यांनी विशेष जपावे. घरट्यासाठी वाळलेले गवत किंवा नारळाचा काथ्या, तोही दोन-तीन इंचांचे तुकडे करूनच द्यावा.

आणखी एक गोष्ट. अंडी घालून झाली की उरलेले सामान पिंजऱ्यातून काढून घ्यावे. नर थांबत नाही. समोर गवत दिसले की तो घरट्यात भरतच राहतो आणि अंडी व पिल्ले त्याखाली गाडली जातात. ताज्या गवताखाली दबलेली पिल्ले सापडली तर त्याचे कारण हेच.

एकत्र पक्षीघरातील भांडणे

एका मोठ्या जाळीत अनेक जोड्या ठेवणाऱ्यांचा तोटा अधिक होतो. एका जोडीच्या घरट्यावर दुसरी कब्जा करते, आधीची पिल्ले बाहेर फेकते आणि वर आपली अंडी घालते. यासाठी जोड्यांच्या दुप्पट घरटी, सर्व एकाच उंचीवर टांगावीत, म्हणजे वरच्या जागेसाठी भांडण होत नाही. खात्रीचे उत्पन्न हवे असेल तर एक जोडी, एक पिंजरा हेच उत्तम.

वर्षात तीनपेक्षा जास्त विणी घेऊ नयेत. तिसऱ्यानंतर घरटे काढून नर-मादी वेगळे ठेवावेत. सतत विणीत ठेवलेला नर पिल्ले दहा दिवसांची असतानाच पुन्हा मादीच्या मागे लागतो आणि पिल्लांना बाहेर ओढतो. मादीच्या अंगातला चुना संपतो तो वेगळाच.

मीरा-भाईंदरची हवा

हा पक्षी कोरड्या उष्णतेचा आहे, आपली हवा दमट आहे. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हवा २६ अंशांच्या वर गेली की झेब्रा फिंच आईबाप अंड्यांजवळ एक विशिष्ट आवाज काढतात, आणि अंड्यात तो ऐकलेली पिल्ले उष्णतेत कमी वजनाची वाढतात. म्हणजे गरमीची तजवीज या पक्ष्याला निसर्गाने दिली आहे. पण गच्चीवरच्या पत्र्याखाली मे महिन्याच्या दुपारी जी भट्टी होते, तिची तजवीज कोणत्याच पक्ष्याकडे नाही. पिल्लांची कातडी सुरकुतलेली व लालसर दिसली, किंवा पिसे फुटण्याआधीच ती घरट्याच्या तोंडाशी आली, तर ती उकाड्याची खूण आहे. पत्र्यावर ओले गोणपाट टाकावे, हवा खेळती ठेवावी. जून ते सप्टेंबरमध्ये दाण्याला बुरशी येते, घरटे वाळत नाही. आमचा अनुभव असा की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत घेतलेल्या दोन विणी वर्षभराच्या पाच विणींपेक्षा जास्त देतात.

फ्लॅटमधले धोके वेगळे आहेत. नॉनस्टिक तवा रिकामा तापून राहिला तर त्यातून निघणाऱ्या वायूने खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरतो. डासांची अगरबत्ती, फवारे, रंगकाम यांचा धूरही त्याला सोसत नाही. महापालिकेची डासांवरील धूर फवारणी आली की पिंजरा आत घेऊन खिडक्या लावाव्यात.

औषधाची घाई

पिल्ले मरू लागली की बाजारात पिवळी पावडर हाती दिली जाते किंवा माणसाची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याचा सल्ला मिळतो. वर सांगितलेल्या कारणांपैकी एकावरही ती चालत नाही. थंडीला, धाग्याला, किडीला कॅप्सूल काय करणार? उलट आतड्यातील उपयोगी जंतू मरून बुरशी वाढते. टेट्रासायक्लिन जातीची औषधे तर समुद्रफेनातील चुन्याशी बांधली जाऊन निकामी होतात.

रोग नसतोच असे नाही. रंगीत गोल्डियन फिंचची अंडी बंगाली फिंचखाली उबवण्याची पद्धत आहे. बंगाली फिंच उत्तम दाई आहे, पण तिच्या आतड्यात कॉक्लोसोमा नावाचा परजीवी असू शकतो. तिला स्वतःला तो फारसा त्रास देत नाही; गोल्डियनची पिल्ले मात्र दहा दिवस ते सहा आठवडे या वयात अंगातले पाणी आटून मरतात. याचे औषध वेगळे आहे आणि ते तपासणीनंतरच द्यायचे असते. म्हणून नोंदी पाहूनही कारण कळले नाही, तर ताजे मेलेले पिल्लू पिशवीत घालून बर्फावर ठेवावे, फ्रीझरमध्ये गोठवू नये, आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. परळला १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहे.

घरट्याबाहेरचे दोन आठवडे

पिल्लू उडू लागले की विकण्याची घाई होते. एकविसाव्या दिवशी विकलेले पिल्लू गिऱ्हाइकाच्या घरी भरल्या वाटीसमोर उपाशी मरते, कारण बापाने भरवल्याशिवाय त्याला खाता येत नाही. आपली पत त्याच्याबरोबर जाते. स्वतः दाणा फोडताना पाहिल्याशिवाय, निदान सहा आठवडे झाल्याशिवाय माल बाहेर काढू नये.

कायद्याच्या दोन गोष्टीही लक्षात असाव्यात. आपल्या रानातल्या मुनिया, मग त्या लाल असोत, ठिपकेवाल्या असोत की रंग लावून विकल्या जाणाऱ्या, पकडणे, पाळणे व विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. झेब्रा फिंच परदेशी असल्याने त्यात येत नाही. पण जावा चिमणी आंतरराष्ट्रीय यादीत आहे, आणि २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार तिची नोंदणी 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. तसेच २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत विक्रीसाठी पक्षी ठेवलेली जागाही दुकान मानली जाते. नियमित विक्री करणाऱ्यांनी नोंदणीची चौकशी आधीच करून घ्यावी.

शेवटचा हिशेब

ज्या बांधवांची पिल्ले मरत आहेत त्यांनी नवी जोडी घेण्याआधी एक वही घ्यावी. दिवस, जागा, पोटा आणि एकटे की सर्व, एवढे चार रकाने पुरेत. सर्व एका रात्रीत व पोटा भरलेला, तर दिवा पाहा. एक एक व पोटा रिकामा, तर खुराक पाहा. तोंड पांढरे, तर मांजरपाट पसरा. पाय काळा, तर धागा काढा. खाली फेकलेले, तर आधी स्वतःची बॅटरी, मग जोडीचे वय व पिंजऱ्यातली गर्दी पाहा.

सर्व पिल्ले कोणाचीच वाचत नाहीत. जंगलातही वाचत नाहीत. पण जंगलातला पक्षी पाणी संपले तर उडून दुसरीकडे जातो. आपण दार लावून घेतले आहे, म्हणून त्याच्या पाण्याची, उजेडाची आणि घासाची जबाबदारी आपल्यावर आली आहे. ती जो नीट सांभाळील त्याला या छोट्या धंद्यात नफाही आहे आणि रात्रीची शांत झोपही.